पूररेषा आणि गावकूस



२०२१ साली या देशाचे दोन नकाशे निघाले. विषय एकच. पूर, दुष्काळ, वादळ आलं तर कोणता मुलूख आधी मोडून पडेल ते सांगणारे. एक नकाशा केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचा. मंडी आणि गुवाहाटीची आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांनी तो केला. दुसरा दिल्लीच्या सीईईडब्ल्यू नावाच्या अभ्याससंस्थेचा. पहिल्या नकाशात झारखंड सगळ्यात वर आणि महाराष्ट्र सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात सुखरूप. दुसऱ्यात सगळ्यात जास्त धोक्याची पाच राज्यं दिलीत: आसाम, आंध्र, महाराष्ट्र, कर्नाटक, बिहार. आणि जिल्ह्यांच्या यादीत आमच्या शेजारचा सांगली.

एकच वर्ष, एकच महाराष्ट्र. एक शास्त्रज्ञ म्हणतो तुम्ही सुखात आहात, दुसरा म्हणतो तुम्ही बुडणार.

हे कसं झालं ते समजून घ्यायला मला चार रात्रपाळ्या लागल्या. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. पण गणित अवघड नाही. सरकारी खात्याने पाऊस किती पडतो, पूर किती वेळा येतो हे त्या हिशोबात धरलंच नाही. त्यांनी मोजलं ते माणसाचं बळ. दारिद्र्यरेषेखाली किती, कोरडवाहू जमीन किती, पीकविमा किती, रोजगार हमीचं काम किती, दवाखान्यात माणसं किती, कामावर बाया किती. अशी चौदा मोजमापं. ह्या बाबतीत महाराष्ट्र झारखंडापेक्षा बरा, म्हणून खाली. दुसऱ्यांनी संकटही हिशोबात घेतलं आणि त्याला तोंड द्यायच्या बळाने भागलं. महाराष्ट्रावर संकटं जास्त, म्हणून वर. त्यांच्या हिशोबाने ६४० जिल्ह्यांपैकी ४६३ जिल्हे धोक्यात आहेत आणि देशातली ८० टक्क्यांहून जास्त माणसं अशा जिल्ह्यांत राहतात.

दोन्ही नकाशे खोटे नाहीत. आपापल्या मापाने खरे आहेत. पण त्या चौदा मोजमापांत जात हे मोजमाप नाही. आणि दुसरा नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर येऊन थांबतो.

साहेबी मराठीत ह्या विषयाला 'आपत्तिप्रवणता' म्हणतात. आमच्या वस्तीतली एक म्हातारी दर पावसाळ्यात तेच सोपं करून सांगते: "आदी कुणाचं भित्ताड बसतंय त्ये बगा." ह्या लेखात मी म्हातारीची व्याख्या धरून चालणार आहे.

आता सांगली जिल्हाच घ्या. पश्चिमेला शिराळा, वाळवा, पलूस. तिथं कृष्णा-वारणेचं पाणी घरात येतं. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. तिथं टँकरची वाट बघतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी नेलं, सगळ्या पेपरांत फोटो आले. त्याच पाण्याने ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलावर ५७ फुटांची खूण ओलांडली. तिथं ४५ फूट म्हणजे धोका. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली. तर ह्या जिल्ह्याला नकाशात एकच रंग. जतच्या तहानेला आणि ब्रह्मनाळच्या बोटीला एकच रंग. आणि गावाच्या आत, एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंत जो फरक आहे त्याला तर रंगच नाही.

त्या फरकाचा नकाशा मात्र फार जुना आहे. कागद यायच्या आधीचा. पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेला असतो हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, पाहिलंय. कारण वारा पश्चिमेचा. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावावर जाऊ नये. पण ह्यात आणखी एक गोष्ट आहे असं मला वाटतं. सह्याद्रीपासून अख्खा देश मुलूख पूर्वेला उतरता आहे. कृष्णा, भीमा, गोदावरी सगळ्या तिकडंच वाहतात. तेव्हा गावाच्या पूर्वेला ठेवलं म्हणजे बऱ्याच ठिकाणी उताराला ठेवलं. गावाचा वारा आमच्यावर, गावाचं सांडपाणी आमच्याकडे, आणि पूर आला की पहिलं पाणीही आमच्याकडे. सगळ्या गावांत असंच असेल असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी वस्ती खडकाळ माळावर फेकलेली आहे. तिथं पूर नाही तर पाणीच नाही. म्हणजे ओल्यात ओलं आणि कोरड्यात कोरडं, दोन्हीकडचं टोक आमच्या वाट्याला. गावाची आखणी करणाऱ्याला कुठं संकट येतं ते चांगलं ठाऊक होतं. असुरक्षिततेचा अभ्यास ह्या देशात गोऱ्या साहेबाने किंवा आयआयटीने सुरू केला असं समजू नका.

गोऱ्या साहेबाने काय केलं तेही पाहू. भारतीय हवामान खातं १८७५ साली निघालं. १८६४ ला कलकत्त्यावर वादळ आलं, १८६६ आणि १८७१ ला पाऊस हुकला, त्यातून ते निघालं. आणि पुढच्याच वर्षी, १८७६ ला, दख्खनवर दुष्काळ पडला. दोन वर्षांत पन्नास लाखांवर माणूस मेला. ह्या दुष्काळाचं कारण शोधायला विलायतेत विद्वान बसले. १८७७ साली लॉकियर आणि हंटर ह्या दोघांनी लेख लिहिला, त्याचा विषय काय तर सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ. सूर्यावर डाग कमी झाले की हिंदुस्थानात पाऊस कमी होतो, असा सिद्धांत. नऊ कोटी मैलांवरचा डाग त्यांना दिसला. इथं धान्य होतं, रेल्वेतून बाहेर जात होतं, सावकाराच्या बळदात होतं, ते दिसलं नाही.

ह्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी कापली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. दगड फोडणाऱ्या माणसाला एक पौंड. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या कामावर जायचं नाकारलं. उपाशी माणसांनी काम सोडलं! पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या अर्जांची नोंद इतिहासात ठळक आहे. ह्या मजुरांची ओझरती. गिरणी कामगार म्हणून मी ह्याला संप म्हणतो, आणि आपल्या संपांच्या इतिहासाची सुरुवात तिथनं धरावी असं माझं मत आहे.

त्याच वर्षीचं सावित्रीबाईंचं एक पत्र आहे, २० एप्रिल १८७७, मुक्काम ओतूर, जुन्नर. सत्यशोधकांबरोबर त्या दुष्काळी भागात काम करत होत्या. विलायतेचे विद्वान सूर्याकडं बघत असताना ही बाई माणसांकडं आणि सावकाराकडं बघून जोतीरावांना लिहीत होती. मला विचाराल तर ह्या विषयावरचा पहिला अहवाल तो आहे. आणि जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये बंधारे बांधा, पाणी जमिनीत मुरवा, माती वाहून जाऊ देऊ नका असं सांगितलं, ते काही हवेतून आलं नव्हतं. पाठीमागं तो दुष्काळ होता.

हवामान खात्याचं एक वैशिष्ट्य सांगून पुढं जातो. उष्णता मोजायचं त्यांचं यंत्र पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेलं असतं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, सगळ्या जगात तसंच मोजतात. पण पेपरात ४२ अंश आलं की ते सावलीतलं ४२ असतं हे लक्षात ठेवा. उन्हात खडी फोडणाऱ्याचं, ऊसतोड करणाऱ्याचं, गटारात उतरणाऱ्याचं, पत्र्याच्या खोलीत बाळंतीण असलेल्या बाईचं तापमान कुठल्याच आकड्यात नाही. आमच्या रिंग खात्यात धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम दमटपणा सोडतात. धाग्याला किती दमट हवा लागते त्याचं माप भिंतीवर टांगलंय. माणसाला किती सोसतं त्याचं नाही.

आता १९७२. आपल्यापैकी कुणी तेव्हा जन्मलेलं नव्हतं, पण घरोघर त्याच्या गोष्टी आहेत. मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यातूनच रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. दुष्काळी तालुके कोणते ते ठरवायला समित्या बसल्या, १९७३ ला सुखटणकर समिती. तालुक्यांच्या याद्या झाल्या. नकाशे रंगले.

पण त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला काय झालं ते त्या याद्यांत सापडणार नाही. दोन बौद्ध बाया सवर्णांच्या विहिरीवर पाण्याला गेल्या म्हणून त्यांची नग्न धिंड काढली. बावड्याचा बहिष्कार त्याच दिवसांतला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरचा इतिहास सांगताना आपण जाहीरनामा सांगतो, मोर्चे सांगतो, फाटाफूट तर फारच आवडीने सांगतो. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं हे कुणी सांगत नाही. विहिरी आटत गेल्या की गावात शिल्लक राहिलेल्या विहिरीची किंमत वाढते, आणि ती विहीर कुणाची हा प्रश्न जीवघेणा होतो. सुकाळात जी शिवाशिव दोन शिव्यांवर भागते ती दुष्काळात रक्त मागते. पाऊस किती टक्के कमी पडला ह्यावरून तालुका दुष्काळी ठरतो. त्या तालुक्यात पाणी असलेल्या विहिरीवर कोण चढू शकतं, ह्यावरून कधी कुठला तालुका ठरलाय? महाडचा सत्याग्रह आपण समतेचा म्हणून मानतो आणि तो आहेच. पण २० मार्च १९२७ म्हणजे उन्हाळ्याचं तोंड होतं, हेही ध्यानात घ्या.

बाबासाहेबांचं नाव निघालं तर एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण आपल्या पोरांना राज्यघटना तोंडपाठ असते आणि ही गोष्ट माहीत नसते. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज ही खाती त्यांच्याकडे होती. जुलै १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीने बांध फोडला, बरद्वानकडचा मुलूख बुडाला, कलकत्त्याची रेल्वे तुटली. तोवर पुरावर इंग्रजांचा उपाय एकच: नदीला मातीचा बांध घाला. फुटला की परत घाला. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार मांडला: पूर, वीज, पाणी, वाहतूक सगळं एका हिशोबात. पुढं १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ झालं. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी सांगितलं की पाणी जास्त होणं हा शापच नव्हे, माणसाला पाणी कमी पडल्याचा त्रास जास्त पाण्याहून मोठा आहे. तेव्हा पाणी समुद्रात घालवू नका, साठवा. ही भाषणं सरकारने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत. इंग्रजी येणाऱ्या मित्राला धरून बसा आणि वाचा.

तरी एक कडू गोष्ट राहते. ती धरणं झाली तेव्हा मैथन, पंचेतच्या पाण्याखालून संथाळ उठले. बाबासाहेब तेव्हा त्या खात्यात नव्हते. पण नुसतं शास्त्र बरोबर असून भागत नाही, हे त्यातून कळतं. खोऱ्याच्या नकाशावर पाण्याचा हिशोब पक्का झाला आणि माणसांचा कच्चा राहिला. कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा.

आता आमच्याकडचं सांगतो. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा एकमेकांना फूट विचारतात. पण ४३ हा धोका कुणाचा? आमची वस्ती ओढ्याच्या काठाला आहे. खाली कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी तुंबतं, मग ओढ्याला उलटी फूग चढते आणि ४३ चा आकडा यायच्या आधीच आमची वाट तुटते. त्या दिवशी टीव्हीवर 'नदी धोक्याच्या पातळीखाली' असं लिहून येत असतं. गावातल्या लोकांना माडी आहे, माळावर पाहुणे आहेत, ट्रॅक्टर आहेत. ते जनावरं घेऊन आधी निघतात. आम्ही शाळेत जातो. २०१९ ला मी सतरा वर्षांचा होतो. शाळेच्या एकाच इमारतीत वरच्या वर्गात गाव आणि खालच्या वर्गात आम्ही. कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं, तरी बरोबर तशीच वाटणी झाली. पाणी आणखी चढलं असतं तर कुणाच्या वर्गात आधी शिरलं असतं?

पाणी उतरल्यावर पंचनामा. घर कुणाच्या नावावर, उतारा दाखवा, घरफाळ्याची पावती दाखवा. आमच्यातल्या निम्म्या घरांची जागा गायरानात. ज्याच्या पावतीवर नाव नाही त्याचं घर पडलंच नाही, असा त्या कागदाचा अर्थ. एका चुलत्याला त्या बाबूने विचारलं, "भिंत आधीच पडलेली नव्हती कशावरून?" ह्याला पुरावा काय द्यायचा? २०२१ ला परत पाणी आलं. तेव्हा मी गिरणीत बदलीवर लागलेलो. पुराचे आठ दिवस खाडा धरला. वाट बंद होती हे मुकादमालाही माहीत होतं, तो स्वतः होडीतून आला होता.

ह्या कागदपत्रांच्या मुळाशी एक रेषा आहे. १९८९ साली राज्याच्या पाटबंधारे खात्याने पूररेषेचं परिपत्रक काढलं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये नियम पाळून. कल्पना चांगली आहे. माझा तिला विरोध नाही. पण २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर आम्ही पाहिले. शंभर वर्षांचा हिशोब ज्या पावसावर बसवला तो पाऊस आता राहिला नाही, हे हवामानशास्त्रज्ञच सांगतात. थोड्या तासांत खूप पाऊस आणि मग लांब उघडीप, असा त्याचा स्वभाव होत चाललाय.

आणि रेषा आखली की एक शब्द जन्माला येतो: अतिक्रमण. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. बरोबरच आहे. पण अतिक्रमणाचेही दोन वर्ण आहेत. एक भराव टाकून उभं राहिलेलं मंगल कार्यालय, त्याला दंड भरून नियमित करता येतं. दुसरं आमचं. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागून भूमिहीन माणूस तुरुंगात गेला तो ह्याच पड आणि गायरान जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कितीजणांच्या हातात कागद आला? २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय निघाला तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं निघाली आणि नोटिसा घरावर चिकटल्या. मग मोर्चे झाले. आता ही दोन कामं जोडून बघा. गावाने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सखल जागेला ठेवलं. जमीन दिली नाही म्हणून आम्ही गायरानात गेलो. आता पूररेषा म्हणते इथं राहू नका आणि गायरानाची नोटीस म्हणते तिथं राहू नका. मग राहायचं कुठं, ते कुठल्या नकाशात आहे?

देशात घरांचा एक नकाशासंग्रहही आहे, केंद्राच्या बांधकाम-साहित्य मंडळाचा. १९९७ ला पहिला निघाला, मग २००६, मग २०१९. हा मला सगळ्यात कामाचा वाटला. त्यात जिल्ह्यावार लिहिलंय की मातीच्या भिंतीची घरं किती, दगडाची किती, भाजक्या विटेची किती, छप्पर कशाचं, आणि पुरात, वादळात, भूकंपात त्यातलं कोणतं किती टिकेल. म्हणजे आमच्या म्हातारीचंच काम: आधी कुणाचं भित्ताड बसतं. हे आकडे जनगणनेतून घेतलेले आहेत. आणि त्याच जनगणनेत अनुसूचित जातींच्या घरांची भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी घरात की लांब, ह्याचे वेगळे तक्तेही आहेत. दोन्ही तक्ते सरकारचेच आहेत. एकावर एक ठेवायला किती वेळ लागतो? मी २०११ च्या जनगणनेचे आमच्या जिल्ह्याचे आकडे घेऊन बसलोय. अजून पुरं झालं नाही. झालं की ह्याच पानांत देईन.

कुणी म्हणेल, निसर्ग जात बघतो का? दरडीखाली सगळेच मरतात. खरं आहे, आणि ते मान्य करूनच बोललं पाहिजे. ३० जुलै २०१४ ला माळीणला डोंगर आला, १५१ माणसं गेली. ती महादेव कोळ्यांची वस्ती. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेला ऐंशीच्या वर माणसं गाडली गेली. त्याच तालुक्यात २००५ ला जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी आल्या होत्या. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गेली, ठाकरांची वाडी. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनेच सांगितलं. ह्यात आपलीच माणसं होती असं नाही. डोंगराच्या अंगाला आदिवासी आणि गरीब कुणबी राहतो, ओढ्याच्या अंगाला आपण. यादीतून गळायची रीत मात्र सगळ्यांना सारखी लागू पडते. तेव्हा हा नकाशा आपण एकट्याने काढायचा नाही. ठाकरवाडीतल्या पोरांशी, ऊसतोड्यांशी, शहरात नाल्याकाठी राहणाऱ्यांशी बोलून काढायचा.

पण पाणी ओसरल्यावर काय होतं ते बघा, म्हणजे निसर्गाचा आणि गावाचा फरक कळेल. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला महाडला मुंबई आणि इतर महापालिकांतून सफाई कामगारांच्या तुकड्या आणल्या. कमरेइतका गाळ, त्यात मेलेली जनावरं, फुटलेली गटारं. त्या तुकड्यांत कुठल्या जातीची माणसं होती हे मी सांगायला पाहिजे असं नाही. १९२८ ला बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल मुंबईच्या कौन्सिलात आणलं, वतनं गेली १९५८ च्या कायद्याने. मेलेलं ढोर ओढायचं काम कायद्याने सुटलं, आणि दर महापुरानंतर ते पगारपत्रकावर परत येतं. नुकसानीच्या कुठल्याही हिशोबात ह्या कामगारांचे आजार नाहीत. महाडमध्ये, म्हणजे चवदार तळ्याच्या गावात, हा गाळ आपल्याच माणसांनी उपसला.

तर आम्ही काय करतोय ते सांगतो. गिरणीत कोन भरायचे पुठ्ठ्याचे खोके असतात, त्यांचे पुठ्ठे उलगडून त्यावर आम्ही पाचजण वस्तीचा नकाशा काढतोय. मोजपट्टी नव्हती, म्हणून सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. प्रत्येक घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची आणि २०२१ च्या पाण्याची रेघ शोधायची. रंग दिलेला असला तर घरातल्या बाईला विचारायचं, तिला बरोबर आठवतं, कारण तिने ती भिंत घासलेली असते. मग बंधाऱ्यावर किती फूट होतं तेव्हा त्या दारात पाणी आलं ते लिहायचं. भिंत कशाची. जागा कुणाच्या नावावर, नोटीस आली का. वाट आधी कुठं तुटते. अपंग, म्हातारं, गरोदर कोण. पंचनाम्यात नाव आलं का. हापसा पाण्याखाली गेल्यावर पाणी कुठनं आणलं आणि तिथं कुणी अडवलं का. हा शेवटचा प्रश्न विचारला की लोक थोडा वेळ गप्प बसतात. थांबायचं, घाई करायची नाही.

एक पुठ्ठा आम्ही ग्रामसभेत नेला होता. सरपंच म्हणाले, हे काय शाळेतल्या पोरांचं काम, ह्याला नकाशा म्हणत नाहीत. आम्ही त्यांच्या गल्लीचाही काढलाय, तो दाखवला. त्यांच्या उंबऱ्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत दोरीने सहा गाठींचा उतार निघाला. मग ते पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. ठराव झाला नाही. पुढच्या सभेला परत नेणार आहोत.

आतापर्यंत दोन वस्त्या पुऱ्या झाल्या. शिरोळ तालुक्यात संगमाच्या खालच्या अंगाची गावं राहिलीत, तिथं मातंग आणि बौद्ध दोन्ही वस्त्यांत एकाच दिवशी जायचंय, आज एकीकडं उद्या दुसरीकडं असं नको. पावसाच्या आत उरकलं पाहिजे, नाहीतर लोक भिंती सारवतील आणि रेघा जातील. रविवारी पहिली पाळी सुटल्यावर आम्ही निघतो. दोरी आहे, खडू आहे. पुठ्ठे कमी पडताहेत, येताना आणा.